प्रकाश अपुरा

श्रीदेवीनं चित्र थांबवलं, पेनाचं टोक पडद्यावरच्या काळोखाजवळ नेलं आणि विचारलं,

"यात काय दिसतंय, सांग बरं मला."

राजनंदिनीनं ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "आत्या आहे मॅडम. धुरपदा आत्या. भुईनळे भरतीय."

"तुला माहीत आहे म्हणून तुला दिसतंय. मला दिसत नाही."

खरंच दिसत नव्हतं. डाव्या कोपऱ्यात एका झरोक्यातून उजेडाची पट्टी आत उतरली होती, तेवढीच काय ती. बाकी सगळा अंधार, आणि त्या अंधारात काहीतरी एका लयीत हलत होतं. हात असावेत. मधूनच बोटांची पेरं उजेडात येत, दारूच्या भुकटीनं चंदेरी झालेली, आणि पुन्हा आत जात. घोंगडेवस्तीवरच्या शोभेच्या दारूच्या कारखान्यावर राजनंदिनीनं माहितीपट केला होता. दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात सर्वांत जास्त गुण माहितीपटालाच होते. कारखान्यात तिची आत्या काम करत होती आणि शिक्षणासाठी पोरगी लहानपणापासून आत्याकडेच राहत होती, त्यामुळे विषय शोधायला तिला लांब जावं लागलं नव्हतं.

धाराशिवच्या त्या महाविद्यालयातला माध्यम विभाग म्हणजे भूगोल विभागाचं जुनं गोदाम. भिंतीवर अजून मांजरा आणि तेरणेच्या खोऱ्यांचा नकाशा होता, तो काढायला कुणाला सवड झाली नव्हती. दोन कॅमेरे, चार संगणक, एक लोखंडी कपाट आणि श्रीदेवी, एवढ्यावर विभाग चालत होता. पण गुण देण्याच्या बाबतीत या विभागाचा हात कुणी धरला नसता. मागं एकदा विद्यापीठाकडून आलेल्या परीक्षकांनी भर खोलीत विचारलं होतं, "मॅडम, तुमच्याकडं सगळीच मुलं हुशार कशी?" गरीब घरची पोरं म्हणून श्रीदेवीनं तेव्हा सगळ्यांना सढळ हातानं गुण दिले होते. तो प्रश्न तिला इतका झोंबला की पुढच्या वर्षापासून तिनं स्वतःची पद्धत बसवली. चित्राचे गुण द्यायचे तेव्हा आवाज पूर्ण बंद. आवाजाचे गुण द्यायचे तेव्हा पडदा बंद. कानाला गोड लागलं की डोळा माफ करतो, असं तिचं म्हणणं. आधी सगळ्यांचं चित्र, मग पुढच्या आठवड्यात सगळ्यांचा आवाज. यात कुणावर अन्याय होत नाही, याचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

"मॅडम, तिथं दिवा—" राजनंदिनीनं तोंड उघडलं.

"कारणं नकोत. कारणांना गुण नसतात."

हे वाक्य अख्ख्या विभागाला पाठ होतं. कँटीनमध्ये पोरं श्रीदेवीच्या आवाजात ते म्हणून हसायची, आणि श्रीदेवीलाही ते माहीत होतं. राजनंदिनी हसली नाही. तिनं तोंड मिटलं.

श्रीदेवीनं गुणपत्रकावर 'प्रकाश अपुरा, पुन्हा चित्रण करावे' असा शेरा लिहिला. तिच्या मनात पोरीबद्दल काही वाईट नव्हतं. उलट ही वर्गात पहिली यावी असं तिला फार वाटत होतं. कॅमेरा कुठं ठेवायचा हे पोरीला शिकवावं लागलं नव्हतं. एवढा उजेड नीट झाला की परीक्षकांना बोट ठेवायला जागा राहणार नाही. म्हणून पोरगी दाराशी पोचल्यावर श्रीदेवी मायेनं म्हणाली,

"कपाटात आपले फोकस आहेत. घेऊन जा. लाजू नकोस."

राजनंदिनी दारात जरा थांबली. मग "हो मॅडम" म्हणाली आणि गेली.

पुढच्या आठवड्यात श्रीदेवी आवाजाचे गुण द्यायला बसली. दुपारची वेळ होती. प्रयोगशाळेचा शिपाई मल्लिकार्जुन बाहेर बाकावर पेपर वाचत होता. तिनं पडदा बंद केला, कानाला हेडफोन लावले, डोळे मिटले. एकाचा नळदुर्गचा किल्ला होता, त्यात नुसता वारा घोंघावत होता. एकीच्या माहितीपटात गोंधळी छान गात होते, पण मध्येच कुणीतरी शिंकलं होतं. श्रीदेवी न पाहता गुण टाकत गेली.

मग राजनंदिनीचा माहितीपट लागला.

आधी लाकडी दांडक्याची टकटक ऐकू आली. मातीच्या कुपीत दारू ठासायची टकटक, सावकाश, एकसारखी. ही पोरगी आवाजातही पहिली येणार, असं श्रीदेवीला वाटलं आणि बरं वाटलं. मग एका बाईचा आवाज आला. खरखरीत, पण हसरा.

"हितं बत्ती न्हाय लावत, पोरी. कदीच न्हाय. काडी न्हाय, फोन न्हाय. पायातली जोडवी बी भायेर दुरडीत काडून ठिवायची. झरोक्यातनं उजेड येतोय तवर काम. उजेड गेला की हात झाडायचं आन् घरला जायचं. माज्या सासूच्या येळंपासनं असंच हाय."

"मग आत्या, दिसतंय कसं तुला?" हा राजनंदिनीचा आवाज.

"हाताला दिसतंय की."

दोघी हसल्या. टकटक पुन्हा सुरू झाली.

श्रीदेवीनं डोळे उघडले. समोर काळा पडदा होता आणि त्यात तिचाच चेहरा दिसत होता. तिनं तो घाईनं चालू केला. तोच अंधार, तीच पट्टी, तीच बोटं. आठ दिवसांपूर्वी तिनं याच चित्रावर पेन ठेवून काय दिसतंय म्हणून विचारलं होतं. आता तिला सगळं दिसत होतं. पोरीनं अंधार चुकून टिपला नव्हता, अंधारच टिपला होता. आणि तो का आहे, ते तिच्या आत्यानं माहितीपटाच्या सुरुवातीलाच स्वच्छ सांगून ठेवलं होतं.

"मल्लिकार्जुन! फोकस कपाटात आहेत का?"

मल्लिकार्जुन पेपर खाली ठेवून आत डोकावला. तो उमरग्याकडचा, रिटायर व्हायला आलेला माणूस, कुठल्याही गोष्टीची घाई नसलेला.

"फोकस? एक राजनंदिनी सकाळीच घेऊन गेली की. वायरची रीळ बी नेली. मॅडमनी सांगितलंय म्हनली."

ते फोकस एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडून जुन्यात घेतलेले हॅलोजन होते. लावले की थोड्या वेळात समोरचा माणूस घामानं निथळायचा. गॅदरिंगला एक फोकस पडद्याला टेकला होता, तर कापड आधी पिवळं आणि बघता बघता तपकिरी झालं होतं. तो ओढून बाजूला करताना श्रीदेवीच्याच मनगटाला चटका बसला होता, त्याचा डाग अजून होता. असला दिवा दारूच्या शेडमध्ये. आणि तो तिनं स्वतः, मायेनं, लाजू नकोस म्हणून पाठवला होता.

तिनं राजनंदिनीला फोन लावला. फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग तिला आठवलं, फोन बाहेर दुरडीत काढून ठेवतात.

"तुमची मोटारसायकल काढा," ती मल्लिकार्जुनला म्हणाली. "घोंगडेवस्तीला जायचंय. आत्ता."

"एवढं काय झालं, मॅडम?"

तिनं सांगितलं. मल्लिकार्जुननं एकदा कपाटातल्या रिकाम्या जागेकडं बघितलं आणि पहिल्यांदाच तो घाईनं चालला.

येडशीचा घाट चढून गाडी पुढं निघाली. दोन्ही बाजूंना सोयाबीनच्या मळण्या चालू होत्या, यंत्रांच्या धुरळ्यानं रस्ता मळकट झाला होता. श्रीदेवी मागं बसून सारखी फोन लावत होती. रस्त्याकडं तिचं लक्षच नव्हतं. ती समोरच्या आभाळाकडं बघत होती. आभाळ निळंशार होतं आणि त्यात कुठं धूर दिसेल याचीच तिला भीती वाटत होती. येरमाळा मागं पडलं आणि डाव्या हाताला लांबवर धूर दिसला. काळा, सरळ वर चाललेला.

मल्लिकार्जुननं गाडी हळू केली. श्रीदेवीनं त्याचा खांदा घट्ट धरला.

"कुठल्या बाजूला आहे वस्ती?"

गाडी आणखी थोडी पुढं गेली तेव्हा दिसलं, एक माणूस बांधावर वाळलेलं गवत पेटवून काठीनं सारखं करत उभा होता. श्रीदेवीला रडू फुटलं. ते तिनं पदरात दाबलं. मल्लिकार्जुनला हँडलच्या आरशात ते दिसलं असावं, कारण तो पुढं बघत म्हणाला, "गवत हाय, मॅडम. नुसतं गवत हाय."

महामार्गावर फटाक्यांच्या दुकानांच्या रंगीत पाट्या सुरू झाल्या. एका पाटीपाशी विचारून ते माळाच्या कच्च्या रस्त्याला लागले. टेकाडाच्या पलीकडं पत्र्याच्या शेडांची रांग होती, एकमेकींपासून लांब लांब उभ्या असलेल्या. सगळ्या जागेवर होत्या. लिंबाखाली एक दुरडी होती आणि तिच्यात जोडव्यांच्या पुरचुंड्या आणि पाच-सहा फोन पडले होते. त्यातला एक फोन वाजत होता. श्रीदेवीनं आपल्या हातातला फोन बंद केला, तसा तोही थांबला.

राजनंदिनी शेडच्या दाराबाहेर बसून वायर गुंडाळत होती.

"मॅडम! तुम्ही कशाला आलात?" ती दचकून उठली. "झालं शूटिंग. सगळं झालं. आता दिसतंय, मॅडम. बघा तुम्ही."

तिच्या शेजारी मातीत फोकस ठेवला होता, तोंड भिंतीकडं करून. विझून थोडा वेळ झाला असावा, तरी त्याच्या पत्र्यावरची हवा थरथरत होती. वायर आत नेल्याचे ओरखडे दाराच्या उंबऱ्यावर दिसत होते. श्रीदेवीनं आत वाकून बघितलं. भरलेल्या भुईनळ्यांच्या रांगा, कागदावर पसरलेली चंदेरी दारू, आणि त्यांच्यामधून वायर गेल्याची फरशीवरची नागमोडी खूण. खूण दारूच्या कागदापासून वीतभर लांब होती.

"तुला कळत नव्हतं?" श्रीदेवीचा आवाज चिरकला. "इथं जन्म गेलाय तुझा. तुला कळत नव्हतं?"

राजनंदिनीनं मान खाली घातली. वायरचं वेटोळं हातातच राहिलं.

"कळत होतं, मॅडम. मी सांगणार होते. पण कारणांना गुण नसतात ना."

ती हे चिडून म्हणाली नाही. शिकवलेलं उत्तर द्यावं तसं म्हणाली. कुणीतरी थोबाडीत मारली असती तर तिला सोपं गेलं असतं.

आतून एक बाई पदराला हात पुसत आली. हात पुसले तरी चंदेरीच राहिले. हीच धुरपदाबाई, हे आवाजावरून कळलं.

"तुमी व्हय त्या मॅडम? बसा की सावलीला. पानी आनते." ती पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि श्रीदेवीसमोर उकिडवी बसली. "लेकरू लई घाबरलं व्हतं बगा. म्या न्हाय न्हाय म्हनलं. पर ती म्हनली, आत्या, वरीस वाया जाईल. मंग काय करावं मानसानं? देवाचं नाव घेतलं आन् लाव म्हनलं. बत्ती लागली तशी धा बाया हुत्या आत, समद्या अंग आकडून बसल्या. कुनी खोकलं बी न्हाय."

"तुम्ही उठून बाहेर का नाही गेलात?" श्रीदेवीनं विचारलं.

धुरपदाबाईला प्रश्नच कळला नसावा. "म्या उटले असते तर फोटू कुनाचा काडला असता?"

तेवढ्यात पांढरा सदरा आणि कपाळावर विभूती असलेला एक माणूस ऑफिसच्या खोलीकडून लगबगीनं आला. कारखान्याचे मालक शंभुलिंग शेठ. वायर त्यांच्याच खोलीतून ओढली होती. त्यांनी श्रीदेवीला वाकून नमस्कार केला.

"मॅडम, सांगून आला असता तर च्या-पाण्याचं बगितलं असतं. पोरगी हुशार हाय तुमची. मी न्हाय म्हनलं व्हतं आदी, खोटं कशाला बोलू. पन शिक्षनाचं काम हाय, आडवं कसं यावं? आन् खरं सांगू का, आमच्या बापजाद्यांनी उगंच भ्या घालून ठिवलं व्हतं. बत्ती लावली की संपलं, संपलं. आज बगितलं की समद्यांनी. काय झालं?"

"शेठजी, काही झालं नाही हे आपलं नशीब," श्रीदेवी म्हणाली. "चूक माझी आहे. मी तिला पाठवायला नको होतं. पुन्हा इथं दिवा लावू नका. हात जोडते."

तिनं खरंच हात जोडले. शेठ ओशाळले.

"छे, छे. हे काय, मॅडम? एका दिसाचं काम व्हतं, झालं." पण बोलता बोलता त्यांची नजर मातीतल्या फोकसवर गेली आणि तिथंच राहिली. त्यांनी वाकून त्याच्या पाठीमागची पाटी वाचली. "हजार वॅटचा हाय न्हवं का? उजेड मातर दिवसावानी पडला हुता."

मल्लिकार्जुननं फोकस उचलला, गोणपाटात गुंडाळला आणि गाडीला मागं बांधला. परतीच्या वाटेवर श्रीदेवीच्या पाठीला त्याची ऊब लागत होती. जिवात जीव आला होता खरा, तरी तिला सारखं वाटत होतं की आपण काहीतरी तिथं विसरून आलो आहोत.

प्रात्यक्षिक परीक्षा दिवाळीच्या तोंडावर आली. विद्यापीठाकडून आलेले परीक्षक मनमोकळे होते, पण सकाळी वीज गेली ती दुपारी आली, त्यामुळे सगळंच लांबलं, आणि त्यांना संध्याकाळची लातूरची बस गाठायची होती. राजनंदिनीचा माहितीपट शेवटी लागला.

पडदा उजळला. शेडची काळी भिंत, मातीच्या कुपींच्या रांगा, धुरपदाबाईचा चेहरा, कपाळावरचा घाम, चंदेरी बोटांवरची एकेक रेघ. असं चित्र त्या गोदामात आजवर कुणी दाखवलं नव्हतं. परीक्षक खुर्चीत पुढं सरकले.

"वा! काय प्रकाश आहे. आणि या बाईच्या चेहऱ्यावरचा तणाव बघा. हा कसा साधलास गं?"

राजनंदिनीनं श्रीदेवीकडं बघितलं. श्रीदेवीनं पडद्याकडं बघितलं. धुरपदाबाईचे डोळे कॅमेऱ्याकडं नव्हते. ते कॅमेऱ्याच्या शेजारी, जरा वर, जिथं फोकस असेल तिथं लागले होते, आणि हात मात्र न चुकता दारू ठासत होते.

"सर," श्रीदेवी म्हणाली, "हिचा पहिला माहितीपट मी परत पाठवला होता. माझ्या मते खरा तो आहे. तो बघून गुण द्यावेत. आवाजासकट बघा."

तिनं तो लावला. परीक्षकांनी थोडा वेळ बघितला, ऐकला, मग घड्याळाकडं नजर टाकली.

"पण मॅडम, यात दिसत काहीच नाही."

तिनं मग सगळं सांगितलं. दारूच्या शेडमध्ये दिवा लावत नाहीत हे, पोरीला आपण कसं गप्प केलं ते, हॅलोजन कसा तापतो ते. आपली पद्धतही सांगितली, चित्राला आवाज बंद आणि आवाजाला चित्र बंद. परीक्षक मान हलवत ऐकत होते.

"म्हणजे एवढी अडचण असून पोरीनं करून दाखवलं," ते म्हणाले. "ही जिद्दच हवी असते, मॅडम, आपल्या क्षेत्रात. आणि तुमच्या शेऱ्यामुळंच झालं ना हे? कमीपणा कशाला घेता?" त्यांनी प्रकाशाच्या रकान्यात पैकीच्या पैकी गुण मांडले आणि कागद तिच्यापुढं सरकवला. "तुमची सही."

श्रीदेवीनं पेन हातात घेतलं. आपल्या चुकीपायी पोरीचे गुण कापायचे, हेही काही बरोबर नव्हतं. पोरगी समोर उभी होती, हात मागं बांधून. श्रीदेवीनं सही केली.

परीक्षक बसला गेले. मल्लिकार्जुन खिडक्या लावत फिरू लागला. बाहेर मैदानावर अंधार उतरला होता आणि रस्त्यापलीकडच्या दुकानांत आकाशकंदील लागले होते. राजनंदिनी निघता निघता टेबलापाशी आली. तिच्या हातात एक खोकं होतं.

"मॅडम, शेठनी पाठवलंय. भुईनळे आहेत. तुमचे उपकार आहेत म्हणाले."

"कसले उपकार?"

राजनंदिनीनं खोकं टेबलावर ठेवलं, पण हात त्यावरून काढला नाही.

"त्यांनी फोकस आणलेत, मॅडम. सोलापूरहून. आपल्यासारखेच. प्रत्येक शेडला एक. दिवाळीची ऑर्डर लई आहे, झरोक्याच्या उजेडात उरकत नाही म्हणाले."

श्रीदेवी उठून उभी राहिली. "तू काही बोलली नाहीस?"

"बोलले, मॅडम. शेठ म्हणाले, तू लावला तेव्हा काय झालं?" तिनं खोकं जरा पुढं सरकवलं. "मला त्यावर काय सांगावं ते कळेना. आत्या पण हसली. म्हणाली, तुझ्यामुळं चार पैसे जास्त मिळतायत."

"आत्या आत्ता कुठं आहे?"

"कामावर."

श्रीदेवीनं खिडकीकडं बघितलं. मल्लिकार्जुन हात तसाच खिडकीवर ठेवून थांबला होता.

"आत्ता? अंधार पडलाय."

"हो मॅडम," राजनंदिनी म्हणाली. "आता दिवे आहेत ना."

"फोन लाव तिला. लाव आधी. शेठनाही लाव."

राजनंदिनीनं आत्याला फोन लावला आणि आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला, भुईनळ्यांच्या खोक्याशेजारी. तिघंही त्याच्याकडं बघत उभी राहिली. पलीकडं घंटा वाजत होती. श्रीदेवीच्या डोळ्यांसमोर लिंबाखालची ती दुरडी आली. शेडमध्ये काम करणारी माणसं आपली शिस्तीची होती. फोन आणि जोडवी अजून बाहेरच काढून ठेवत होती.